सुजाता मॅडमची कडी

"दार कावून उघडलं बे?"

धारूरच्या आमच्या सहकारी छापखान्यात सुजाता मॅडमच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. पुढं ते रोजच ऐकलं; त्यांचं वऱ्हाडी 'कावून' म्हणजे 'का', हेही कळलं. लग्नपत्रिका छापणाऱ्या आमच्या हातांना त्या वीज वाहून नेणारी शाई छापायला शिकवत होत्या. काजळासारखी काळी शाई. प्लास्टिकच्या पट्टीवर तिची रेघ उमटली की ती तारेचं काम करायची. पट्टी मातीत खोचायची, मीटर जोडायचं, की काटा ओल दाखवणार. दुष्काळात कुठल्या वाफ्याला पाणी द्यायचं, ते कळणार.

पण दुष्काळाची कोरडी हवाच शाईची वैरीण. छपाईच्या जाळीतच ती वाळून बसायची. म्हणून मॅडमनी पंखा उतरवला, खिडक्या ठोकून घेतल्या, ओली पोती टांगली. आत आम्ही लोणच्यासारखे मुरत होतो.

मग टँकर बंद झाला. पोती वाळली, जाळ्या बुजल्या. काम गुंडाळायचं म्हणून संचालकांनी बैठक लावली. त्याच सकाळी मॅडमनी मला पुण्याच्या कंपनीचं नेमणूकपत्र दाखवलं.

"काम बंद पडलं तर मी सुटले बघ."

"मग पडू द्या की!"

"कावून? शाई चांगली हाय."

ती बैठक मॅडमनी छपाईच्याच खोलीत बोलावली. अकरा संचालक आत घेतले आणि कडी घातली.

"मॅडम, जीव गुदमरतोय!" चेअरमन आबा ओरडले.

"बोला आबा, जोरात बोला. तुमच्या श्वासात लई ओल हाय."

आबा चिडले, त्यामुळं जास्तच बोलले. बाकीचे त्यांच्यावर ओरडले. अकरा जणांच्या घामानं भिंती दमट झाल्या. मागं मी पट्ट्या छापत सुटलो. जाळी एकदाही बुजली नाही!

दोन तासांनी कडी निघाली. पट्ट्या उन्हात वाळवून एक कोरड्या मातीत खोचली. काटा निपचित. आबांनी घामाचा रुमाल मातीवर पिळला, तसा काटा टुणकन उठला.

"काम चालू," आबा म्हणाले, "पण मॅडम, तुमी कुठं जायचं न्हाई."

मॅडम हसल्या. पदराआडून पत्र काढलं, शाईनं माखलेलं बोट आपल्या नावापासून पुण्याच्या पत्त्यापर्यंत ओढलं. रेघ वाळताच दोन्ही टोकांना मीटर लावलं. काटा पुन्हा टुणकन उठला, तशा त्या मला म्हणाल्या,

"बघ, करंट पुण्याला पोचला. मी ऱ्हायले हितं."

आणि आत जाऊन त्यांनी स्वतःच कडी घातली.