पुलाअलीकडचं जाकीट

माझा दीर कोळशाच्या ट्रकखाली गेला तेव्हा त्याच्या डब्यातली भाजी अजून गरम होती. डबा मीच भरून दिला होता आणि रस्त्यावरून उचललाही मीच, म्हणून हे मला ठाऊक आहे. डब्याला पोचासुद्धा आला नव्हता. सायकल मात्र मागच्या चाकांत अशी गुंडाळली गेली होती की ती काढायला लोकांनी पहार आणली. दिराला काढायला पहार लागली नाही. त्याला चादरीत गोळा करावं लागलं.

आम्ही तेव्हा चंद्रपूरजवळ ऊर्जानगरच्या बाहेरच्या वस्तीत राहत होतो. नवरा आणि दीर दोघंही वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला होते. पक्क्या नोकरीवाल्यांना कंपनीची बस, ठेकेदाराच्या माणसांना सायकल आणि वर देव. खाणीतून कोळसा यायचा तोही याच रस्त्याने. ट्रकवाल्यांना दिवसभरात जास्तीत जास्त खेपा मारायच्या असायच्या. रस्त्यात म्हैस बसलेली असली तर ते वळसा घालून जात, कारण म्हशीने बंपर वाकतो. सायकलवाल्याने काहीच वाकत नाही.

त्या दिवशी ड्रायव्हर पळाला आणि क्लीनर सापडला. लोकांनी त्याला केबिनमधून केसांना धरून खाली ओढलं. सायकलच्या चेनने मारलं, चपलांनी मारलं, तो खाली पडल्यावर पायांनी मारलं. काचा फुटल्या, मग कोणीतरी टायरवर रॉकेल ओतलं. मीही दगड मारला. तो त्या क्लीनरच्या पाठीत बसला आणि मला बरं वाटलं. आजही कोणी विचारलं तर मी हेच सांगेन. पोलीस आले नसते तर तो जिता राहिला नसता.

आणि पोलीस आले तेव्हाच माझ्या नवऱ्याने ती गोष्ट पाहिली. मागून येणाऱ्या ट्रकांची रांग थांबायला तयार नव्हती. जळत्या ट्रकच्या बाजूने, रडणाऱ्या माणसांच्या बाजूने, हॉर्न वाजवत त्यांना निघायचं होतं. मग ट्रॅफिकचा एक शिपाई नुसता रस्त्याच्या मधे जाऊन उभा राहिला. त्याच्या अंगात तेव्हा नवीनच निघालेलं ते पोपटी, चमकत्या पट्ट्यांचं जाकीट होतं. त्याने हातही वर केला नाही. ट्रक थांबले.

दिराची तेरवी झाल्यावर नवरा पुन्हा त्याच रस्त्याने, तसल्याच सायकलवर कामाला जाऊ लागला. दुसरं काम नव्हतं. मला देवाकडे एकच मागायचं होतं, या माणसाने संध्याकाळी दारात सायकल टेकवावी. त्याची सायकल टेकवल्याचा आवाज येईपर्यंत मी भात चुलीवर ठेवत नसे. आवाज आला की आधी रागवायची, मग ठेवायची.

एक दिवस तो आमच्या गल्लीतल्या टेलरचाचांकडे गेला. चाचा शहरातल्या पोलिसांचे कपडे शिवत. नव्या जाकिटांच्या दुरुस्तीचं कामही त्यांच्याकडेच यायचं, म्हणून तसलं कापड आणि चंदेरी पट्ट्यांचे तुकडे त्यांच्याकडे पडलेले असत. नवऱ्याने त्यांना सांगितलं, तसंच शिवून द्या. चाचा भिणारे. ते म्हणाले, शिवून देतो, पण पोलिसांचं नाव घालणार नाही. मग त्यांनी पोपटी जाकीट शिवलं, दोन चंदेरी पट्ट्या लावल्या, खांद्यावर गडद निळा तुकडा जोडला आणि पाठीवर पांढरी कोरी पट्टी बसवली. त्या पट्टीवर एक अक्षर नव्हतं. पण मागून भरधाव येणाऱ्या ड्रायव्हरला वाचायला फुरसत कुठे असते?

पहिल्याच दिवशी नवरा घरी आला तो हसत. दिराच्या मरणानंतर त्याला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. ट्रक त्याच्या मागे येऊन हळू होत होते, हॉर्न न वाजवता लांबून निघत होते. एका ड्रायव्हरने तर खिडकीतून घडी घातलेली नोट पुढे केली. भाजीवालीने वांगी फुकट दिली आणि ठेला हटवते साहेब, म्हणाली. वस्तीतल्या बायका मला फौजदारीणबाई म्हणू लागल्या. मीही मग नाक वर करून चालायची.

महिन्या-दोन महिन्यांत ठेकेदाराच्या अर्ध्या माणसांनी चाचांकडून तसली जाकिटं शिवून घेतली. सकाळी ती रांग निघाली की एखादी पलटणच निघाल्यासारखं वाटे. ट्रकवाले शहाणे झाले, त्यांना कळलं की हे पोलीस नाहीत. एका धाब्यापाशी त्यांनी दोघांना अडवून टायर काढायच्या टॉमीने बदडलं, एकाचं मनगट मोडलं. एकदा एका हवालदारानेही माझ्या नवऱ्याला कॉलर धरून खाली उतरवलं, काही विचारायच्या आधीच दोन कानशिलात ठेवून दिल्या, मग त्याला वळवून पाठीवरची कोरी पट्टी पाहिली आणि सोडून दिलं. गालावर वळ घेऊन तो घरी आला. मी म्हटलं, टाका ते चुलीत. तो म्हणाला, थापडेनं माणूस मरत नाई.

ते खरं होतं. ती जाकिटं आल्यापासून आमच्या वस्तीतलं कोणी चाकाखाली गेलं नव्हतं. ड्रायव्हरला जरी माहीत असलं, तरी त्याचा पाय ब्रेकवर आधी जायचा आणि शिवी नंतर यायची. आम्हाला तेवढंच पुरे होतं.

पण हे सगळं वैनगंगेच्या अलीकडचं. माझं माहेर पलीकडे, गडचिरोली जिल्ह्यात, जंगलाच्या पार आतल्या बाजूला. तिकडे पोलिसासारखं दिसणं म्हणजे मरण ओढवून घेणं. दलमवाले, म्हणजे बंदूकवाले नक्षलवादी, केव्हा कुठून निघतील, सांगता येत नसे. तिकडचा फॉरेस्टगार्डसुद्धा लुंगी-बनियनवर फिरायचा आणि खाकी पिशवीत ठेवायचा. आम्ही लहान असल्यापासून हे पाहत आलो होतो. जावयाला तर हे सांगूनच मुलगी देतात.

म्हणून आमचा एक नेम ठरला होता. नवऱ्याने पुढे एक जुनी मोटारसायकल घेतली होती. माहेरी निघालो की पुलापाशी तो गाडी थांबवायचा, जाकीट काढून माझ्याकडे द्यायचा आणि मी ते पिशवीत तळाशी घालायची. परत येताना पूल लागला की न वळता हात मागे करायचा आणि म्हणायचा, पूल आला, जाकीट दे. एकदा आम्ही ते पुलाजवळच्या चहाच्या टपरीवर ठेवून पाहिलं. परत येतो तर टपरीवालाच ते घालून रस्त्यात उभा, ट्रक थांबवून चहा विकत होता. तेव्हापासून जाकीट पिशवीतच.

त्या हिवाळ्यात माहेरच्या गावी मंडई, म्हणजे जत्रा, होती आणि रात्री नाटक. वडशाहून कंपनी येणार होती. मी आईसाठी लुगडं घेतलं होतं, चिवडा केला होता. पूल ओलांडला, जाकीट पिशवीत गेलं आणि दुपारच्या सुमारास एका नाल्यावरच्या रपट्यापाशी गाडी हळू झाली तेव्हा बांबूतून पाच-सहा जण बाहेर आले. त्यांच्याकडे बंदुका होत्या. त्यांच्यात एक मुलगी होती, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची.

त्यांचा जो म्होरक्या होता त्याने आधी शांतपणे विचारलं, कोण, कुठले, कुठे चाललात. मी माहेरच्या गावाचं नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं. तो मान हलवत होता. आम्हाला जाऊ देणार असं मला वाटलं. मग त्या मुलीने पिशवी उलटी केली. लुगडं पडलं, चिवडा सांडला आणि सगळ्यात शेवटी ते जाकीट पडलं.

पहिला फटका नवऱ्याच्या खांद्यावर बसला, बंदुकीच्या दस्त्याचा. मग तिघे तुटून पडले. काठ्या होत्या, बूट होते. तो ओरडून सांगत होता की मी पोलीस नाही, वीज केंद्रात कोळशावर काम करतो, हे ट्रकवाल्यांसाठी आहे. त्याच्या तोंडातून रक्त येत होतं, त्यामुळे शब्द नीट फुटत नव्हते. मला त्या मुलीने दंडाला धरून ठेवलं होतं. मी तिच्या हाताला चावले. तिने मला खाली पाडलं.

म्होरक्याने हात वर केला तसे ते थांबले. जाकीट बंदुकीच्या नळीवर उचलून त्याने नवऱ्याच्या तोंडापुढे धरलं.

"ट्रकवाल्याईसाठी आहे तं लपवून काऊन ठेवलं?"

या प्रश्नाला खरं उत्तर एकच होतं आणि ते त्या माणसाच्या तोंडावर सांगायची नवऱ्याची हिंमत नव्हती. पिशवीत लपवलेला गणवेश म्हणजे काय, हे त्या जंगलात सगळ्यांना ठाऊक होतं. पिशवीत खाकी लपवून फिरणारी माणसं त्यांनी किती पकडली असतील. आम्ही ज्याला जीव वाचवायचा नेम समजत होतो, तीच त्यांच्या लेखी खबऱ्याची खूण होती. म्होरक्याने बंदूक हातात फिरवली आणि नळी नवऱ्याच्या कपाळाकडे नेली.

मी जमिनीवरूनच ओरडले.

"तुमच्याच भेवानं लपवलं. घातलं असतं तं पोलीस म्हणून मारलं असतं, काढून ठेवलं तं खबऱ्या म्हणून मारून राह्यले. याच्या भावाले ट्रकनं चिरडलं, याले तुमी मारा. मंग माणसानं जावं कुठी?"

मी शहाणपणाने काही बोलले नाही. मला फक्त राग आला होता, त्या ट्रकचा, त्या हवालदाराचा, यांचा, आणि रक्त ओकत गप्प पडलेल्या माझ्या नवऱ्याचाही. मुलगी म्होरक्याला गोंडीत काहीतरी म्हणाली. काय म्हणाली, ते मला कळलं नाही. त्याने नळी खाली घेतली. मग बंदूक उलटी धरली आणि दस्ता नवऱ्याच्या उजव्या गुडघ्यावर घातला. हाड फुटल्याचा आवाज मी ऐकला. वाळलेली काटकी पायाखाली येते तसा.

पुन्हा इकडे दिसू नका, एवढं सांगून त्यांनी आमची गाडी रपट्याखाली ढकलली, जाकीट माझ्या अंगावर फेकलं आणि ते बांबूत शिरले.

नवऱ्याला मी रस्त्याच्या कडेला ओढत आणलं. त्याची शुद्ध येत-जात होती. एक जीप आली, माणसांनी गच्च भरलेली. ड्रायव्हरने रक्त पाहिलं आणि वेग वाढवला. एक मोटारसायकलवाला लांबूनच वळून परत गेला. मी हात जोडून उभी होते, पदर पसरून उभी होते. त्या रस्त्यावर रडणाऱ्या बाईसाठी कोणी थांबत नाही. पुढे सापळा असेल, असं प्रत्येकाला वाटतं.

मग चढावर ट्रकचा आवाज आला. ट्रकांचा आवाज मी ओळखते. हा भरलेला होता आणि उतारावर वेग घेणार होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्या हातात जाकीट आहे.

ते लोक फार लांब गेलेले नसणार, हे मला कळत होतं. बांबूत उभे राहून पाहतही असतील. आत्ताच ज्या कपड्यावरून माणूस मरता मरता राहिला, तो कपडा मी अंगात घालणार होते. बटणं लावायला वेळ नव्हता. तसंच उघडं जाकीट लुगड्यावर चढवून मी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले, दिराच्या दिवशी तो शिपाई उभा होता तशी. पाठीला गोळी लागेल, या भीतीने पाठ आवळून गेली होती. वळणावर ट्रक दिसला. त्याने हॉर्न दिला नाही. ब्रेक करकचले, मागचे बांबू खडखडले आणि ट्रक माझ्या पुढ्यात थांबला.

ड्रायव्हर कागदांची पिशवी घेऊनच खाली उतरला. पन्नाशीचा माणूस, डोक्याला गमछा. लांबूनच म्हणाला, कागद सारे पूर्ण आहेत, वनखात्याचा पासही आहे.

"कागद नोको मले," मी म्हटलं. "माणूस उचला."

त्याने कडेला पाहिलं, मग माझ्याकडे, माझ्या लुगड्याकडे, चपला नसलेल्या पायांकडे पाहिलं. मी पोलीस नाही, हे त्याला तिथेच कळलं. तो निघून जाऊ शकला असता. त्याने क्लीनरला हाक मारली आणि दोघांनी मिळून नवऱ्याला केबिनमधल्या मागच्या फळीवर घेतलं. पाय हलला तसा तो किंचाळला आणि पुन्हा बेशुद्ध झाला. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले.

ट्रक निघाला. मग ड्रायव्हर रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाला, "जाकीट पाहून थांबलो बाई. नाई तं नसतो थांबलो. आमी थांबलो का पब्लिक आमालेच मारते."

बाजूला त्याचा क्लीनर बसला होता, गुडघे पोटाशी घेऊन. माझ्या दगडाने ज्याची पाठ फुटली तोही असाच हडकुळा होता. ट्रकवाल्यांबद्दलचा माझा राग त्या दिवशी गेला, असं मी म्हणणार नाही. तो आजही आहे. पण त्या माणसाने गाडी वाटेत कुठेही थांबवली नाही. त्याचा माल उतरायचा होता बल्लारपूरला, त्याने आम्हाला चंद्रपूरच्या दवाखान्याच्या दारात नेऊन उतरवलं. नवऱ्याचा गुडघा पुन्हा कधी वाकला नाही. पण माणूस माझ्या घरात राहिला.

त्या दिवशी वाटेत, ऊन कलत असताना, ट्रक वैनगंगेच्या पुलावर चढला. चाकांखालचा आवाज बदलला. डांबरावरचा घरघराट जाऊन पुलाच्या सांध्यांची धडधड सुरू झाली. त्या आवाजाने नवऱ्याने डोळे किलकिले केले. आपण कुठे आहोत, कशात आहोत, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने न वळता हात मागे केला, नेहमीसारखा.

"पूल आला," तो म्हणाला. "जाकीट दे."

मी अंगातलं जाकीट काढलं आणि त्याच्या हातात दिलं.