चार ठिपके की तिरपी रेघ

अमरावतीच्या कॉलेजात आम्ही दोघी मैत्रिणी एकाच बाकावर होतो. पुढे तिला अकोल्यात नोकरी लागली, मी इथेच राहिले. मराठीत लिहिता येईल अशी छोटीशी प्रोग्रामिंगची भाषा करायचं खूळ दोघींच्या डोक्यात होतं, म्हणून ती दर रविवारी एसटीने माझ्याकडे यायची.

एका रविवारी घोळ झाला. तिने कापसाचा 'दर' लिहिला होता, मी संत्र्याचा 'दर'. दोन्ही फायली एकत्र चालवल्या, तर आमची संत्री कापसाच्या दराने विकली गेली! हसून हसून पुरेवाट झाली. मग ठरलं, प्रत्येक नावाआधी त्याचं घर लिहायचं. अकोल्याचा दर वेगळा, अमरावतीचा वेगळा. पण घर आणि नाव यांच्या मधे खूण कोणती?

तिला चार ठिपके हवे होते, अकोला::दर. मला तिरपी रेघ, अकोला/दर.

"तुहे ठिपके विसर्गावानी दिसतेत," मी म्हणायचे.

"अन् तुही रेघ? अकोल्याले दरानं भागून राहिली का वं तू?"

समोरचा आलूबोंडा थंड व्हायचा, भांडण मात्र गरमच. तोवर कामचलाऊ म्हणून मधे प्रश्नचिन्ह ठेवलं.

मग ती नोकरीसाठी जर्मनीला गेली. रविवारी फोन व्हायचे, पण खुशाली दोन मिनिटांत संपायची. खुणेचा विषय काढला की मात्र तासभर तिचा आवाज माझ्या घरात असायचा. म्हणून मी निकालच लावत नव्हते. खूण कुठलीही चालली असती, मला मैत्रीण हवी होती.

यंदा अंजनगावच्या एका शिक्षिकेने आमची भाषा शाळेत शिकवायला मागितली. पोरांनी एकदा प्रोग्राम लिहिले की खूण बदलणं म्हणजे सगळ्यांचं लिहिलेलं मोडणं. आता ठरवणं भागच होतं. मी कंबर कसून फोन लावला.

"तुही रेघच ठेव," ती म्हणाली. "मले आता काई फरक नाई पडत."

जिंकले होते. फोन ठेवला आणि मला रडू आवरेना.

मग डोळे पुसले आणि सगळ्या प्रश्नचिन्हांच्या जागी चार ठिपके घातले. शिक्षिकेला फाईल पाठवली, मैत्रिणीलाही पाठवली. म्हटलं, बघेल, चिडेल, "काहून वं, मी तं तुह्या रेघेले हो म्हटलं होतं," म्हणत फोन करेल.

अंजनगावची पोरं आता तिचे ठिपके घालून लिहितात. मी अजून रविवारी फोन शेजारी ठेवूनच भाजी निवडते.