आठ मशीनं आणि वहिनीची फुली

माझ्या वहिनीला ऑफिसात सगळे ‘फुली’ म्हणतात. तोंडावर नाही, तेवढी कुणाची छाती नाही. आमची कंपनी गेम बाजारात आणते. नवा गेम कोणत्या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या मशीनवर, काढायचा आणि कोणत्यावर नाही, याचा तक्ता वहिनी बनवते. तिने ज्याच्यापुढे फुली मारली, त्याचा विषय संपला. मी त्याच कंपनीत दोन मजले खाली, सगळ्यात जुन्या कन्सोलवर गेम बसवायचं काम करतो. आम्ही तिघं आहोत. जुन्या मशीनवर फुली पडली की आम्ही तिघं घरी, इतकं सरळ आहे.

वहिनी मुळातच चिवट. दुकानदाराने ‘एकदम नवीन माल’ म्हटलं की हिचा संशय तिथूनच सुरू होतो. कन्सोल बनवणारे छाती फुगवून सांगतात, आमची इतकी कोटी मशीनं विकली गेली. वहिनी विचारते, “विकली गेली हो, पण त्यातली आज टीव्हीला किती जोडलेली आहेत?” ती मशीनं घेतलेल्यांनी वर्षभरात नवा गेम घेतला का, आपला गेम त्यावर बसवायला किती माणसं किती महिने अडकतील, हे सगळं ती खोदून काढते. नव्या मशीनचे मालक थोडे, पण हात सैल. जुन्याचे ढीगभर, पण त्यातले बरेचजण मशीन इंटरनेटला जोडतच नाहीत, त्यामुळे ते कुणाच्याच मोजणीत येत नाहीत.

त्यांच्यासाठी वहिनीची स्वतःची रीत आहे. ऑफिसच्या मागच्या गल्लीत जुन्या मशीनचं दुकान आहे. कुणी कन्सोल विकायला आणलं की दुकानदार ते लगेच पुसून कोरं करत नाही, वहिनीसाठी आतल्या फळीवर ठेवतो. ती ते टीव्हीला जोडते आणि प्रत्येक गेमखाली तो शेवटचा कधी खेळला ती तारीख बघते. विकायच्या आदल्या दिवसापर्यंत कुणी खेळत असेल तर ते मशीन तिच्या लेखी जिवंत. दोन वर्षं धूळ खात पडलेलं असेल तर मेलेलं.

घरात तिचा नियम एकच, ऑफिस उंबऱ्याबाहेर ठेवायचं. एरवी मला त्याचं काही वाटलं नसतं. पण त्या आठवड्यात गुरुवारी तक्ता पक्का व्हायचा होता आणि वहिनी जेवताना मान वर करत नव्हती. दादा विनोद करून थकला. मी मीठ मागितलं तर तिने न बघता बरणी सरकवली. मंगळवारी जिन्यात ती मोठ्या साहेबांना म्हणताना ऐकलं, “दुकानात आठ मशीनं आहेत. गुरुवारी काय तो निकाल लावू.” माझ्या टीममधल्या एकाच्या घरी तान्हं मूल, दुसऱ्याने नुकतंच भाड्याचं घर बदललेलं. आणि मला या वयात दुसरं कोण दारात उभं करणार?

बुधवारी संध्याकाळी मी दुकानात गेलो. “मॅडमनी तपासायला पाठवलंय,” असं बेधडक ठोकून दिलं. दुकानदार मला ओळखत होता, त्याने आतली खोली उघडून दिली. आठही मशीनं एकेक करून लावली, प्रत्येकावर शेवटचा खेळलेला गेम काढून पाच मिनिटं खेळलो. आता बघा म्हणावं तारखा, सगळी जिवंत! शीळ घालत घरी आलो, गाढवासारखा.

गुरुवारी दुपारी मोठे साहेब खाली आमच्या खोलीत आले. मागे वहिनी. साहेब म्हणाले, “चला, तुमच्याच मशीनचा प्रश्न आहे. मी आज स्वतः बघणार आहे.” साहेब येणार हे माझ्या गावीही नव्हतं. त्यांच्या मागोमाग मी गल्लीतल्या दुकानात गेलो.

साहेबांनी पहिलं मशीन लावलं. तारीख कालची. “वा!” साहेब म्हणाले. दुसरं, कालची. तिसऱ्याला ते वा म्हणाले नाहीत. चौथ्याला खुर्ची पुढे ओढली आणि तारखेपुढची वेळ मोठ्याने वाचली, “सहा वाजून तेवीस मिनिटं. आधीचं सहा सोळाचं होतं ना?” आठवंही कालचंच निघालं. साहेबांनी दुकानदाराला विचारलं, “काल इथे कोण बसलं होतं?”

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. वहिनीने त्याची नजर पकडली, मग माझी. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“साहेब, हे धरू नका,” ती घाईने म्हणाली. “यात माझीच चूक आहे, मी मशीनं कुलपात ठेवायला हवी होती.”

“मग जुन्या मशीनचं काय?”

तिने पर्समधून तक्ता काढला, दुकानाच्या काउंटरवर ठेवला आणि फुली मारली. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

साहेब पुढे निघून गेले. गल्लीच्या तोंडाशी वहिनी थांबली. पर्समधून छोटी वही काढून तिने माझ्या हातात दिली. रविवारची तारीख, खाली आठ ओळी. सहांपुढे बरोबरची खूण होती.

“रविवारीच बघून गेले होते मी. आठातली सहा जिवंत होती, भाऊजी.”

“मग साहेबांना वही दाखवायची ना!”

“तुमच्या टीमसाठी माझी वही कोण खरी मानणार? दीर ना तुम्ही माझे! म्हणून तर तीन दिवस साहेबांच्या मागे लागले होते, एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघा म्हणून.” तिचा आवाज फाटला. “कालपर्यंत ती सहा तशीच होती.”

मी वही परत द्यायला हात पुढे केला. तिने ती घेतली नाही.

“ठेवा तुमच्याकडेच,” ती म्हणाली. “त्या दोघांना सांगताना लागेल.”