कंपनीनं पैसे परत दिले

आमच्या हिनं जाण्याआधी अकरा निरोप बोलून ठेवले होते. कागदावर नाही, टॅबलेटमध्ये. तिचा हात थरथरायला लागला होता आणि मी चौथी शिकलेला माणूस, ठेवलेला कागद मला कधी सापडत नाही हे तिला लग्न झाल्यापासून माहीत होतं. आम्ही दोघं नागपूरहून इथं अमेरिकेत ट्रॉयला मुलाकडे राहायला आलो त्याला सहा वर्षं झाली. मागच्या वर्षी थंडी सुरू होता होता ती गेली. किडन्या गेल्या होत्या.

नात आठ वर्षांची. शाळेतून आली की आजीच्या पलंगावर चढून बसायची आणि टॅबलेटवरचा लाल ठिपका दाबून द्यायची. ही बोलायची. बोलणं संपलं की नात परत दाबायची. ही दमली की चार चार दिवस काही नाही. असे अकरा झाले.

निरोप म्हणजे काय, घरातलीच कामं. “अहो, ऐकताय का. सकाळची गोळी पांढरी. पिवळी माझी होती, ती टाकून द्या, जपून ठेवू नका.” एकात भात कसा लावायचा ते. एकात स्वेटर मशीनमध्ये टाकायचा नाही, हातानं धुवायचा, आणि पिळायचा तर मुळीच नाही. एकात नुसती माझी खरडपट्टी. “तुमचं तोंड वाईट आहे. पोराच्या संसारात भांडण लागलं तर मध्ये बोलू नका. आपल्या खोलीत जाऊन बसा.” मी रोज दुपारी ऐकायचो. मुलगा गाड्यांच्या कंपनीत, सून तिच्या ऑफिसात, नात शाळेत. घरात घर गरम ठेवणाऱ्या भट्टीच्या हवेचा घरघर आवाज आणि ही.

अकरावा निरोप मुलासाठी होता. मला म्हणाली, लगेच देऊ नका, त्याची रडारड आटपली की द्या. एकदा चुकून माझं बोट त्यावर पडलं. “बाळा” एवढं ऐकू आलं आणि मी बंद केलं. दुसऱ्याचं पत्र आपण फोडत नाही.

तो मी मुलाला दिला नाही. दिला असता तर त्यानं टॅबलेट वर त्याच्या खोलीत नेला असता, कॉम्प्युटरला जोडला असता, बाबा थांबा जरा म्हणाला असता आणि आठवडा गेला असता. मला दुपारी ती हवी होती. दिवाळीला देतो, तिच्या वर्षश्राद्धाला देतो, असं मनाशी म्हणत राहिलो. त्याची आई मी एकट्यानं ठेवून घेतली. दुसरा शब्द नाही त्याला.

टॅबलेट होता हिचा, पण उघडायचा माझ्या अंगठ्यानं. हिनं तीस वर्षं लोकांकडे भांडी घासली. तिच्या अंगठ्याला रेघाच उरल्या नव्हत्या. नागपूरला रेशनच्या दुकानातलं यंत्रसुद्धा तिला ओळखायचं नाही. दुकानदार म्हणायचा, काकू, पुसून लावा, परत लावा, आणि शेवटी काकांना पाठवा. इथंही तेच. नातीनं आजीचा अंगठा चार वेळा लावून पाहिला आणि मग माझा भरून घेतला.

माझा अंगठा म्हणजे चौकीदाराचा. गोदामावर नोकरी केली, पुढं पेन्शन. पेन्शनला अंगठा, रेशनला अंगठा, मोबाईलचं कार्ड घ्यायचं तरी अंगठा. मागितला की द्यायचा. कशाला म्हणून कुणी सांगत नाही आणि आपण विचारत नाही, विचारलं तर रांगेत मागचा माणूस ओरडतो. आमच्यासारख्यांचं सगळं आयुष्य असंच चाललं.

नात शाळेतून आली की तासभर त्या टॅबलेटवर खेळायची. मांजरीचं घर होतं त्यात. मांजरीला कपडे, मांजरीला फर्निचर. मी खुर्चीत डोळे मिटून पडलेलो असायचो, हिचं बोलणं नुकतंच ऐकून झालेलं असायचं. मध्येच नात यायची. “आजोबा, थंब.” मी डोळे न उघडता हात पुढं करायचो. एक दिवस म्हणाली, मांजरीला बेड घेतला. मी म्हटलं, छान केलंस, गादीपण घे. तिनं घेतली.

मग एका शनिवारी सकाळी मुलानं कार्डाचं बिल पाहिलं. कार्ड त्याचंच होतं, आजीला मालिका बघता याव्यात म्हणून त्यानंच टॅबलेटवर घातलेलं. सहाशे चाळीस डॉलर, सगळे मांजरीचे. सून म्हणाली, तूच कार्ड काढलं नाहीस. मुलगा म्हणाला, तू तिला स्क्रीन कशाला देतेस. मग दोघांचं एकमत झालं की चूक टॅबलेटवाल्या कंपनीची आहे. त्यानंतर घरात जरा शांतता झाली.

त्याच संध्याकाळी कुणाकडे तरी जेवायला जमलो होतो, सगळी मराठी मंडळी, प्रत्येकानं एकेक पदार्थ आणलेला. मुलानं विषय काढला मात्र, प्रत्येक घरातून अशी एक गोष्ट निघाली. कुणाच्या पोरानं तलवारी घेतल्या, कुणाच्या पोरीनं हिरे. सगळे म्हणाले, यार, सोडू नकोस त्यांना, लहान मुलांना लुटतात. पुण्याच्या एक बाई तेवढ्या म्हणाल्या, “पण हातात आपणच देतो ना? माझ्या पोराला गप्प बसवायला मीच देते, खोटं कशाला बोलू.” सगळे हसले आणि कुणीतरी त्यांना बासुंदी वाढली.

सोमवारी मुलानं कंपनीला फोन लावला. आवाज मोठा ठेवला होता, सगळ्यांना ऐकू येईल असा. तिकडचा माणूस सभ्य होता. म्हणाला, प्रत्येक खरेदीला अंगठा लागलेला आहे. मुलगा म्हणाला, मुलगी आठ वर्षांची आहे. तो म्हणाला, अंगठा तिचा नोंदलेलाच नाही, घरातल्या कुणा मोठ्याचा आहे.

मुलानं नातीकडे पाहिलं. हूज फिंगर, असं विचारलं. नातीनं माझ्याकडे पाहिलं. मी सोफ्यावर, समोर चहा. तिनं मान खाली घातली आणि म्हणाली, आय डोन्ट नो. महिनाभर टीव्ही बंद, खेळ बंद, मैत्रिणीचा वाढदिवस बंद, सगळं ऐकून घेतलं तिनं. मी उठलो आणि आपल्या खोलीत जाऊन बसलो. हिनं सांगितलंच होतं ना, मध्ये बोलू नका. पण ते कारण नव्हतं. मला लाज वाटली. आठ वर्षांच्या पोरीनं मला वाचवलं आणि मी वाचलो.

कंपनी ऐकेना म्हणून मुलगा बँकेकडे गेला. ही खरेदी आम्ही केलेलीच नाही, असं त्यानं लिहून दिलं. ते खोटं आहे हे घरात दोघांनाच माहीत होतं, मला आणि नातीला. बँकेनं पैसे कंपनीकडून काढून घेतले. मग कंपनीनं टॅबलेटवरचं हिच्या नावाचं खातं बंद केलं. तुम्ही घेतलं नाही म्हणता तर खात्यात चोर शिरलाय, असा त्यांचा हिशोब.

दुसऱ्या दिवशी दुपारी टॅबलेट माझा अंगठा घेईना. पुसून लावला, परत लावला. इंग्रजीत काहीतरी लिहून यायचं. संध्याकाळी मुलाला म्हटलं, उघडत नाही रे. तो म्हणाला, बघतो बाबा, वीकेंडला. तेव्हा सांगायला हवं होतं की आत काय आहे. पण ते सांगितलं तर अकराव्याचं सांगावं लागलं असतं, आणि इतके महिने का दिला नाही तेही. मी म्हटलं, बरं, बघ.

शनिवारी मी मॉलमध्ये चालायला गेलो. थंडीत दुकानं उघडायच्या आधी आमच्यासारखे म्हातारे तिथं फेऱ्या मारतात, शेजारचे एक गृहस्थ मला गाडीतून नेतात. परत आलो तर मुलगा जेवणाच्या टेबलाशी बसलेला, खूश. टॅबलेट पुढ्यात. पडद्यावर नुसतं पांढरं.

“बाबा, झालं काम,” तो म्हणाला. “पूर्ण पुसून काढला आणि तुमच्या नावाचं नवीन अकाउंट केलं. पैसेपण परत आले. हरले शेवटी.”

मी विचारलं, “आणि तुझी आई?”

त्याला कळलं नाही. नातीला कळलं. ती जिन्यावर बसलेली होती, ती उठून वर गेली. मग मी सगळं सांगितलं, उभ्यानंच, अंगावरचा कोटही काढला नव्हता. निरोप सांगितले. अंगठा सांगितला. अकरावा सांगितला.

 नंतर त्यानं फोन उचलला आणि कंपनीलाच लावला. आता त्याला आईचा आवाज परत हवा होता. तासभर बोलला. खातं उघडून द्या, कॉपी असेलच तुमच्याकडे. तिकडची बाई म्हणाली, खातं कायमचं बंद आहे, तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. तो ओरडला तिच्यावर. एका गेलेल्या बाईचा आवाज पुसताना लाज वाटत नाही का तुम्हाला, असं इंग्रजीत म्हणाला. सुनेनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

मी म्हटलं, “कंपनीनं पुसला नाही. तू पुसलास, आणि मी पुसू दिला.”

“तुम्हाला काय कळतंय त्यातलं, बाबा,” तो म्हणाला. “तुमची चूक नाही. अंगठा मागतात कसे म्हाताऱ्या माणसाला? यांनी सिस्टिमच अशी केलीय.”

मला वाटलं होतं तो मला शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं मला अडाणी म्हणून सोडून दिलं.

मग एक अर्ज भरायचा होता कंपनीचा. हरवलेल्या वस्तूचं वर्णन. तो लॅपटॉप घेऊन माझ्या खोलीत आला, हिच्या पलंगावर बसला आणि म्हणाला, सांगा एकेक. मी सांगत गेलो. गोळी. भात. स्वेटर. तो इंग्रजीत टाइप करत होता. सात आठवले. बाकीचे तीन मी शंभर वेळा ऐकलेत, पण आठवायला गेलो तर माझ्याच आवाजात यायला लागले, तिच्या नाही, म्हणून थांबलो.

“आणि माझा?” तो म्हणाला. “काय म्हणाली होती?”

“बाळा म्हणाली.”

“पुढे?”

“पुढे मी ऐकलं नाही.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याचा विश्वास बसला नाही. अजूनही बसलेला नाही. त्याला वाटतं आईनं काहीतरी कठोर बोलून ठेवलं असेल आणि बाबा लपवतायत. आईला शेवटी दवाखान्यात न्यायला उशीर झाला, तो त्या आठवड्यात कामासाठी शिकागोला होता, त्याबद्दल काही असेल. मी शपथ घेतली. हिची घेतली. तो बरं म्हणाला आणि अर्जात त्या ओळीत काहीच लिहिलं नाही.

तेव्हापासून तो दर शनिवारी सकाळी त्यांना पत्र लिहितो. वकिलाचीही चौकशी केली आहे. सून म्हणते, बाबा, तुम्ही सांगा ना त्याला आता पुरे म्हणून. मी सांगत नाही. ज्या दिवशी पत्र लिहायचं थांबेल त्या दिवशी तो खाली माझ्या खोलीत येईल आणि परत विचारेल, पुढे काय म्हणाली. माझ्याकडे त्याला द्यायला तेवढा एकच शब्द आहे आणि तो मी देऊन बसलोय.