वंदनाताईंचे साडेचार किलोहर्ट्झ

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या वंदना औरादकर यांच्याबद्दल मी जेवढं खरंखोटं पसरवलं आहे, तेवढं हैदराबादच्या अख्ख्या बरकतपुऱ्यात दुसऱ्या कोणाबद्दल पसरवलेलं नाही. गच्चीवरच्या त्यांच्या अँटेनामुळे आमच्याकडचे कावळे तेलुगूत ओरडतात, हे माझंच. त्या रोज सकाळी अंतराळवीरांना उठवतात, हेही माझंच, आणि ते कोणाच्या तरी मुलीने शाळेतल्या निबंधात लिहिलं तेव्हा बाईंनी दहापैकी आठ दिले. तर निदान ही एक हकीकत न वाढवता सांगतो. वाढवायची गरजच पडलेली नाही.

ताई जामबागेतल्या एका शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या. हौशी रेडिओचं लायसन्स त्यांनी पन्नाशीत परीक्षा देऊन मिळवलं. "लोक या वयात गुडघे तपासून घेतात," असं मी म्हटलं होतं, तर म्हणाल्या, "तेही तपासलेत. तू तुझी जीभ तपासून घे." तेव्हापासून आमचं चांगलं जमतं.

या रेडिओवाल्यांचा शहरात एक क्लब आहे. क्लबचा एक रिपीटर आहे, म्हणजे उंच इमारतीच्या गच्चीवर बसवलेलं एक यंत्र. हातातल्या छोट्या सेटवरून कोणी बोललं की ते यंत्र एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतं आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जोरात बोलून दाखवतं, म्हणून मलकपेटचा माणूस कुकटपल्लीला ऐकू जातो. दर रविवारी सकाळी आठ वाजता सगळे या रिपीटरवर जमतात. त्याला ते नेट म्हणतात. कोणीतरी एकाने हजेरी घ्यायची, प्रत्येकाला क्रमाने बोलू द्यायचं, मध्येच घुसणाऱ्याला गप्प करायचं आणि वहीत नोंद करायची. अकरा वर्षं हे काम वंदनाताई करत आल्या. नवरा आजारी होता तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात बसून त्यांनी हजेरी घेतलेली मला माहीत आहे. डबा मीच घेऊन गेलो होतो.

या मार्चमध्ये ते काम जायची वेळ आली.

झालं असं. क्लबचा टेक्निकल सेक्रेटरी गिरीश. पुण्याचा, गचीबावलीला मोठ्या कंपनीत, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे कोणाला कळायचं राहू नये याची काळजी घेणारा. त्याने दिवाळीत क्लबातल्या तेवीसपैकी वीस जणांसाठी एकदम नवे सेट मागवले आणि वाटण्याआधी प्रत्येक सेट उघडून आतला माइकचा पेच वर चढवला. आवाज कसा दणदणीत पाहिजे. सगळे खूश. आणि मार्च येईतो सगळे म्हणायला लागले, वंदना मॅडम ऐकूच येत नाहीत, वयाने आवाज बसला असेल.

सोमवारी सकाळी गिरीशचा फोन आला तेव्हा मी ताईंकडेच पेपर वाचत होतो. आमचा पेपर अलका, म्हणजे माझी बायको, शब्दकोड्यासाठी धरून बसते. फोन स्पीकरवर होता.

"ताई, टेक्निकली बोलायचं तर तुमचं डेव्हिएशन फार कमी आहे. सेट घेऊन या, मी वाढवून देतो."

"माझं साडेचार आहे. हद्द पाचाची. कशाला वाढवू?"

"अहो, पण लोकांना ऐकू येत नाही ना. कमिटीत बोलणं झालंय. रविवारपर्यंत वाढवलं तर ठीक, नाहीतर त्यापुढच्या रविवारपासून नेट मी घेईन. तुम्हालाही जरा आराम."

"आराम मी मागितला का?"

"तसं नाही हो ताई..."

"मग कसं?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी डेव्हिएशनचा अर्थ विचारला. ऐकण्याचं सोंग करीन म्हटलं, पण बाईंनी एकतीस वर्षं मागच्या बाकावरच्यांना शिकवलंय. आपण बोललो की आपली रेडिओची लहर जागेवरून दोन्ही बाजूंना हलते. किती हलते ते डेव्हिएशन, किलोहर्ट्झमध्ये मोजतात. "सुलतान बाजारच्या गल्लीतून ऑटो सरळ गेला तर जातो," त्या म्हणाल्या. "नागमोडी चालवला तर दोन्हीकडच्या दुकानांतल्या साड्या घेऊन जातो. रिपीटरचं दार तेवढंच रुंद असतं. जास्त हललात की कडांना घासता आणि आवाज फाटतो."

"मग गिरीशचे लोक फाटायला हवेत. ते तर छान ऐकू येतात म्हणे."

"तेच तर बघायचंय."

मी त्यांना सरळ सल्ला दिला. पेच मोहरीएवढा, पाव आटा फिरवायचा. रविवार आपला, वही आपली, कमिटी गप्प. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला न केलेला गृहपाठ आठवला.

"मी फिरवला की माझाही आवाज फाटणार. मग उरलेले आणखी फिरवणार. सगळे ओरडणार आणि कोणाचंच कोणाला कळणार नाही. मी बरोबर आहे, अभिजीत. बरोबर असलेला माणूस कशाला सरकेल? गाडी काढ."

गाडी म्हणजे माझी स्कूटर. त्यांच्याकडे डेव्हिएशन मोजायचं एक जुनं मीटर आहे. गुजराती गल्लीतल्या भंगारातून आणून त्यांनी ते स्वतः दुरुस्त केलंय. रंग लष्करी, वजन जात्याचं. ते माझ्या पायाशी, सेट त्यांच्या मांडीवर, असे आम्ही आठवडाभर सकाळी हिंडलो. रेडिओवाले ऑफिसला जाताना एकमेकांशी गप्पा मारतात. ताई त्यांचं बोलणं रिपीटरवरून ऐकायच्या नाहीत. ज्या फ्रिक्वेन्सीवर रिपीटर ऐकतो, तीच लावायच्या आणि माणसाच्या घराजवळ उभं राहून थेट त्याचाच आवाज मोजायच्या. अंबरपेटला एका पानवाल्याने मला विचारलं, "क्या मियाँ, अम्मा बिजलीवालों की हैं क्या?" मी हौ म्हटलं. त्याने लगेच दुकानाच्या बोर्डवरचा दिवा बंद केला.

शनिवारी त्यांनी शेवटचं मोजमाप घरातून केलं. आपल्या सेटमधून एक शिट्टी सोडली, साडेचार. रिपीटरमधून बाहेर पडलेली तीच शिट्टी मोजली. सव्वादोन.

"जेवढं आत जाईल तेवढंच बाहेर यायला पाहिजे," त्या म्हणाल्या. "रिपीटरचं काम तेवढंच. इथे कोणीतरी अर्ध्यावर आणून ठेवलंय." आणि इतक्या खूश झाल्या की मला चक्क दुसऱ्यांदा चहा मिळाला.

रविवारी आठ वाजता मी हजर. ताईंनी वही उघडली, नेहमीसारखं स्वागत केलं, आणि हजेरी सुरू झाली. एकेक जण आपली खूण, म्हणजे कॉलसाइन, सांगायचा आणि ताई शांतपणे म्हणायच्या:

"नोंद झाली, प्रकाशराव. तुमचं डेव्हिएशन सात. दोनने जास्त."

"चिन्मय, नोंद झाली. साडेसात."

"खाजाभाई, आपका साढ़ेचार. शाब्बास."

"गिरीश, आठ. वर्गात सगळ्यात जास्त."

मी सोफ्यावर उशीत तोंड खुपसून हसत होतो. रेडिओवर मात्र सगळे एकदम बोलले, आणि शेवटी क्लबचे अध्यक्ष सत्यनारायण गारू, म्हणजे आपल्याकडचे सत्यनारायणराव, मध्ये पडले. रेल्वेतून निवृत्त झालेला शांत माणूस. "अम्मा, ये सब इधर नक्को. शाम को पाँच बजे मिलेंगे."

पाच वाजता कोठीजवळच्या एका हॉटेलात कमिटी बसली. मी कमिटीत नाही, पण मीटर उचलायला माणूस लागतोच. गिरीश लॅपटॉप घेऊन आला होता.

"ताई, रागावू नका, पण हे मीटर माझ्या वडिलांच्या वयाचं आहे. भंगारातलं. हे बरोबर दाखवतं कशावरून?"

"नका ठेवू मीटरवर विश्वास. तुमच्या लॅपटॉपवर लहर दिसते ना? मधली उभी रेघ दिसते?"

"दिसते."

"मी दोन हजार एकोणऐंशी कंपनांची शिट्टी सोडते आणि हळूहळू डेव्हिएशन वाढवत नेते. बरोबर पाचावर ती मधली रेघ नाहीशी होईल. हे गणित आहे, त्याला वडील नसतात."

सगळे लॅपटॉपभोवती गोळा झाले. ताई वाढवत गेल्या. रेघ बुटकी होत होत दिसेनाशी झाली. सत्यनारायण गारूंनी लॅपटॉपवरची नजर उचलून मीटरकडे नेली. काटा पाचावर होता. गिरीशने चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. रेघ नव्हतीच.

"आता रिपीटरचं सांगते," ताई म्हणाल्या. "साडेचार आत जातात, सव्वादोन बाहेर येतात. कोणी केलं?"

खाजाभाई कोपऱ्यात बशीतला चहा पीत होते. रिपीटरची देखभाल तेच करतात, गच्चीची किल्ली त्यांच्याकडेच असते. त्यांनी बशी खाली ठेवली.

"मैइच किया, अम्मा. दिवाली के बाद सबके फोन, खाजाभाई आवाज फट रा, फट रा. रोज के रोज. मैं ऊपर जाके रिपीटर का आवाज आधा कर दिया. फोन बंद हो गए. मैं समझा ठीक हो गया."

ताईंनी सगळ्यांकडे पाहिलं. "फाटणं थांबलं नाही. हळू आवाजात फाटायला लागलं, म्हणून तुम्हाला चाललं. आणि जो फाटत नव्हता, तो मुंगीएवढा झाला. खाजाभाई, तुमचा सेट बरोबर आहे. मग तुमचाही आवाज बारीक झाला असेल."

"हौ. मैं समझा मेरा बुढ़ापा."

गिरीशचं तोंड उतरलं, पण पुणेकर सहजासहजी खाली बसत नाही. "ठीक आहे, रिपीटर पूर्ववत करा. पण वीस लोकांचे सेट काही आम्ही उघडत बसणार नाही. पुढच्या रविवारी ते वीस लोक फाटायला लागले तर नेट ताईंनी कसं चालवायचं ते बघू. हजेरीच लागली नाही तर नेट कसलं?"

सत्यनारायण गारूंनी विचारलं, "अम्मा, चलेगा?"

तेवीस जणांतले वीस बाजूला झाले तर ही अकरा वर्षं संपली, एवढं मलाही कळत होतं. मी हळूच म्हटलं, "ताई, एक महिन्याची मुदत मागा ना."

"कशाला? चालेल," त्या म्हणाल्या.

शुक्रवारी खाजाभाईंबरोबर त्या स्वतः गच्चीवर गेल्या. लिफ्ट बंद होती. नऊ मजले चढल्या, आणि साडेचार आत, साडेचार बाहेर असं करूनच उतरल्या. मी पाचव्या मजल्यावर मीटर घेऊन बसून राहिलो होतो, पण ते कोणाला सांगायचं कारण नाही.

रविवारी आठ वाजता जे झालं ते ऐकायला ताईंकडे अलकासुद्धा शब्दकोडं टाकून आली. पहिलाच आवाज आला तो जुनं कापड टराटरा फाडल्यासारखा.

"नाव कळलं नाही. नोंद नाही. पुढे," ताई म्हणाल्या.

परत तोच आवाज, आणखी जोरात, म्हणजे आणखी फाटका.

"ओरडू नका, ओरडलं की जास्त फाटतं. नोंद नाही. पुढे."

मध्येच खाजाभाईंचा आवाज आला, असा स्वच्छ की ते ताईंच्या मोरीत उभं राहून बोलतायत असं वाटलं. नोंद झाली. मग पुन्हा चार फाटके. सत्यनारायण गारू बोलले, "अम्मा, मैं..." आणि पुढचं सगळं चिंध्या.

"अध्यक्षसाहेब असाल असा अंदाज आहे. अंदाजावर नोंद करत नाही. पुढे."

अलका म्हणाली, "अहो, अध्यक्षांना तरी घ्यायचं."

"वहीत अध्यक्ष नसतात," ताई म्हणाल्या, बटण सोडून. "ऐकू आलेले असतात."

त्या दिवशी तेविसांपैकी तीन नोंदी झाल्या, त्यातली एक ताईंची स्वतःची. पावणेनऊला त्यांनी नेट रीतसर बंद केलं, आभार मानले, वही मिटली. चेहऱ्यावर काही नाही. मी विचारलं, "आता?" म्हणाल्या, "आता पोहे करते. तूही खा, आठवडाभर हमाली केलीस."

सोमवारी सकाळीच सत्यनारायण गारू प्लॅस्टिकच्या पिशवीत सेट घेऊन तीन मजले चढून आले. त्यांना बघून बुधवारपर्यंत आणखी नऊ जण आले, शुक्रवारपर्यंत आणखी सहा. आमच्या जिन्यात एवढी वर्दळ पाहून खालच्या मजल्यावरच्यांनी मला विचारलं, तर मी सांगितलं की ताई पत्रिका बघायला लागल्यात. दोघे जण खरंच पत्रिका घेऊन गेले.

गिरीश शनिवारी आला. दारात उभा, सेट हातात, चपला काढाव्यात की नाही या विचारात.

"ताई, माझा आठच आहे अजून."

"माहीत आहे. आत या. मीटर तिथे आहे, पेचकसही. तुम्हीच फिरवा, मी सांगते कुठे थांबायचं."

त्याने सेट उघडला. तो बोलत होता, काटा उडत होता, ताई म्हणत होत्या, आणखी खाली, आणखी. साडेचारावर त्यांनी हात वर केला. गिरीशने सेट कानाशी धरून बघितला, जणू तो आतून काही सांगणार होता.

"फार हळू वाटतंय हो ताई. लोकांना ऐकू येईल?"

"उद्या आठ वाजता कळेल. वेळेवर या, उशीर झाला तर नाव शेवटी."

रविवारी तो नेटवर एक मिनिट आधीच आला. सतरावी नोंद त्याची. ताईंनी त्याचं नाव घेतलं, डेव्हिएशन काही सांगितलं नाही, आणि पुढच्या माणसाला बोलावलं.