सरांनी आधी 'ओ' का घेतला

म्हसकर सरांवर माझा शेवटपर्यंत पूर्ण विश्वास बसला नाही. काल सकाळी ते गेले.

गेलेल्या माणसाबद्दल असं लिहितात का, म्हणाल. मी लिहिते. सरांना गुळमुळीत आवडायचं नाही.

अंबरनाथला आमच्या बिल्डिंगमध्ये सर चौथ्या मजल्यावर, मी आणि बाबा दुसऱ्यावर. सर कॉलेजात ध्वनिशास्त्र शिकवून रिटायर झालेले. म्हणजे माणूस तोंडातून आवाज कसा काढतो, त्याचा अभ्यास.

बाबांना पॅरालिसिसचा अटॅक आला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. कळायचं सगळं. पण आ म्हणा, ई म्हणा, ऊ म्हणा, बाहेर एकच यायचं. "अ."

हॉस्पिटलची थेरपी संपली आणि सर दारात.
"मी रोज संध्याकाळी येत जाईन. पैसे नकोत."

झालं. माझं डोकं तिथेच फिरलं.

मी उल्हासनगरला एका वकिलाकडे टायपिंग करते. दिवसभर फसवणुकीच्याच तक्रारी. आमचे सिंधी वकीलसाहेब ऐकून म्हणाले, "साईं, देख लो. फ्री में रोज़ कौन आता है?"

आणि कारण समोरच होतं. रिडेव्हलपमेंट.

सरांना ती हवी होती, आणि ते उघड सांगायचे. हार्टचा त्रास, चार मजले, लिफ्ट नाही.
बाबा विरोधात. बिल्डरच्या कागदात भाड्याची हमी नव्हती. शेजारच्या बिल्डिंगमधली माणसं अजून बदलापूरला भाड्याने पडली आहेत.

बाबा जुने सेक्रेटरी. अर्धी बिल्डिंग "अण्णा म्हणतील तसं" म्हणून थांबलेली. पण अटॅकनंतर बाबा कशालाही मान हलवायचे. चेअरमन म्हणाले, "मानेचं काही खरं नाही. मीटिंगमध्ये तोंडाने सांगू दे. हो, नाहीतर नाही."

आता सांगा, सरांनी पहिल्या दिवशी काय घेतलं?
ओ.
'हो'मधला ओ.

मी तिथल्या तिथे विचारलं, "आधी ओच का, सर?"
"ओठ आरशात दिसतात, जीभ दिसत नाही. जे दिसतं तिथून सुरुवात करायची."

उत्तर पटण्यासारखं होतं. म्हणूनच जास्त खटकलं. रोज ऑफिसातून धावत येऊन मी शेजारी खुर्ची टाकून बसायचे. चहा सुद्धा तिथूनच ओरडून मागायचे, मदतीला गावाहून आलेल्या आत्याकडे.

सरांनी भिंतीवर एक तक्ता लावला. तिरका चौकोन, त्यावर ठिपके, ठिपक्यांपाशी उलटीसुलटी अक्षरं.
आत्या ते बघून पांढरीफटक. "भितीला ह्यो कसला यंत्र लावलाय? कोनी करनी केली काय?"
तिने तक्ता काढला आणि त्याच खिळ्याला लिंबू-मिरची टांगली. सरांनी लिंबाला हात लावला नाही. त्याच्या खाली तक्ता परत चिकटवला.

"अहो, हे तोंड आहे," ते आत्याला म्हणाले. "डावीकडे दात, उजवीकडे घसा, वर टाळू. ठिपका म्हणजे त्या स्वराला जीभ कुठे असते ते. आणि हा मधला उलटा e. सध्या अण्णांची जीभ इथेच बसून आहे. तिला बाहेर काढायचंय."

बाबा जे बोलतील ते सर त्या अक्षरांत पाटीवर लिहायचे. एकदा बाबांचा आ मला अगदी नीट वाटला. सरांनी पाटीवर तो उलटा e च काढला.
"आ म्हणाले की ते," मी म्हटलं.
"तुला ऐकायचा होता. मी जे आलं तेच लिहितो."

ओ जमला. मग ऊ. पण मला घोर लागला होता तो 'नाही'चा.

मीटिंगच्या आदल्या आठवड्यात सरांनी स्वतःहून आ आणि ई जोडीने घेतले. आ ला जबडा खाली, जीभ तळाला. तिथून ई ला थेट वर, पुढे, ओठ ताणून. बाबांना घाम फुटायचा. सर म्हणायचे, "परत."

माझ्याने राहवलं नाही. "सर, तुम्हाला 'हो' हवंय ना?"
"हवंय."
"मग हे कशाला?"
"मत माझं आहे. जीभ अण्णांची आहे."

हा पण डावच असेल, असं मला वाटलं. मी रात्री वकीलसाहेबांना मेसेज केला.

मीटिंगमध्ये बाबा उभे राहिले. खाली आख्ख्या आवाराला ऐकू गेलं. "ना. ही."

विषय बारगळला. जाताना सर माझ्यापाशी थांबून एवढंच म्हणाले, "ई अजून थोडा पुढे हवा." आणि कठडा धरून चार मजले चढून गेले.

काल सकाळी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. अ‍ॅम्ब्युलन्सचं स्ट्रेचर आमच्या जिन्यात वळेना. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून पोरांनी खाली आणलं, प्रत्येक वळणावर थांबत. आमच्या दारावरूनच नेलं. हॉस्पिटलला पोचेपर्यंत संपलं होतं.

बिल्डिंगमधले लोक आमच्या दाराकडे बघून हळू आवाजात बोलतायत. काय बोलतायत ते मला बरोबर कळतं.

रात्री बाबांनी मला जवळ बोलावलं. सावकाश, एकेक स्वर जागच्या जागी ठेवत विचारलं,
"लिफ्ट असती... तर?"

परत सांगा म्हणायची सोय नव्हती. सगळं स्वच्छ ऐकू आलं होतं.
बाबा वाट बघत बसले.

सर, तुम्हाला आम्हा बापलेकीचा शेवटचा नमस्कार.