जाळाशिवाय तापलेला डबा

आमच्या विज्ञानाच्या बाई कधी उत्तर सांगायच्या नाहीत. सोड्यावर लिंबू पिळून तो फसफसला, की एवढंच विचारायच्या, "नवीन काय तयार झालं?" साल दुष्काळाचं होतं आणि लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. एकदा मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "बाई, जिल्हा बदलला, ह्यो रासायनिक बदल का?" बाई हसल्या नाहीत. "नळाला पाणी आलं का? न्हाई ना? मग नुसती पाटी बदलली. बस खाली."

आठवीतच शाळा सोडून मी मामाबरोबर सुरतेला, रंगाच्या कारखान्यात निघालो होतो. शेवटच्या दिवशी बाईंना ते कळलं. त्या मला थांब म्हणाल्या नाहीत. त्यांनी पुढचा धडा त्याच तासाला काढला. पत्र्याच्या डब्यात कळीचा चुना घेतला आणि घरून बाटलीत आणलेलं स्वतःचं पिण्याचं सगळं पाणी त्यावर ओतलं. चुना फुगून तडकला. "बाहेरून हात लाव," मला म्हणाल्या. चटका बसला. त्या दिवशी मात्र त्यांनी उत्तरही सांगितलं. "खाली जाळ न्हाई आन् भांडं तापलंय, म्हणजे आत काहीतरी चालू हाय. वाकून बघायचं न्हाई बाबा, आधी लांब व्हायचं."

मग बाई सुकलेल्या ओठांनी शाळा सुटेपर्यंत शिकवत राहिल्या.

इथं कारखान्यात रसायनाच्या पिंपाचं झाकण काढण्याआधी मी त्याला उलटा हात लावून बघतो. सोबतचे चिडवतात, "पिंपाला ताप आलाय का रे?" पिंप गार लागलं की जीव खाली पडतो, आणि बाईंची रिकामी बाटली आठवते.